मयूरशिखेच्या अर्काला चारही प्लेटांत झोन आला, पण चारींत सारखाच कसा काय?

कपारीतली_मोरपंखी
राम राम मंडळी. मी अंबाजोगाईकडची, एमएस्सी बॉटनीचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला दोन नेचे (फर्न) घेतलेत, मयूरशिखा आणि हंसराज. त्यांचा अर्क काढायचा, जंतूंवर चालतो का बघायचं आणि आत कोणकोणते घटक आहेत ते तपासायचं, असा विषय. हंसराजचं अजून व्हायचंय, आज निस्तं मयूरशिखेचं विचारते.

भाद्रपदात मुकुंदराजाच्या समाधीकडच्या दरीतून गोळा केली होती, खडकाच्या कपारीत असती ना तीच, मोराच्या पिसाऱ्यासारखी छोटी. खोलीत पेपरवर पसरून बारा दिवस सावलीत वाळवली, मग आईच्या मिक्सरमधून काढली (आई म्हणाली आता ह्या भांड्यात मी शेंगदाण्याचा कूट करणार नाही, नवं घेऊन दे). लॅबमध्ये नंबर लागला तो थेट एप्रिलात. २५ ग्रॅम पावडर, २५० मिली मेथनॉल, सॉक्सलेटला (गरम मेथनॉल पावडरीतून पुन्हा पुन्हा फिरवणारं काचेचं उपकरण) आठ तास. आता त्याच्या कंडेन्सरला (वाफ थंड करायची नळी) सारखं वाहतं पाणी लागतं आणि आमच्याकडं नळाला पाणी आठ दिवसाला, म्हणून घरच्या कुलरची मोटर काढून नेली, बादलीत बर्फाचे तुकडे टाकले आणि तेच पाणी फिरवत बसले. दुपारी लाईट गेली तेव्हा दीड तास सगळं बंद. रोटरी इव्हॅपोरेटर बंद पडलाय म्हणून चायना डिशमध्ये वॉटर बाथवर आटवला, काकवीसारखा काळाहिरवा ६.८ ग्रॅम निघाला.

म्युलर हिंटन अगारवर (जंतू वाढवायची जेली) ८ मिमीच्या विहिरी पाडल्या, प्रत्येकीत १०० मायक्रोलिटर, १०० मिग्रॅ प्रति मिलीचं द्रावण. विहिरीभोवती जंतू न उगवलेलं मोकळं वर्तुळ म्हणजे झोन, तो असा: स्टॅफ १३ मिमी, बॅसिलस १३, ई. कोलाय १२, स्युडोमोनास १३. तुलनेला लावलेलं अँटिबायोटिक स्ट्रेप्टोमायसिन त्याच क्रमानं २१, २३, १९, १६. अर्क ज्यात विरघळवला ते डीएमएसओ निस्तं टाकलेल्या कंट्रोलला काहीच नाही. घटकांच्या टेस्ट केल्या त्यात अल्कलॉइड, फ्लेवोनॉइड, टॅनिन, सॅपोनिन, स्टेरॉइड सगळ्याला प्लस.

गाईड सर म्हणाले मस्त आहे, ब्रॉड स्पेक्ट्रम (बऱ्याच प्रकारच्या जंतूंवर चालणारं) म्हणून लिहून टाक. पण मला रात्री झोप येईना गेली, चार वेगवेगळे जंतू अन् चौघांना सारखंच कसं काय लागू पडलं? कुणी ह्यातलं असंल तर सांगा.

उस्मानाबादी_शेळी
विषयातलं ओ की ठो कळालं नाही पण कुलरच्या मोटरीला आपला सलाम. मराठवाड्यात सायन्स करायचं म्हणजे आधी पाण्याचा कुटाणा.

वाळूजचा_क्यूसी
ताई तुम्हाला झोप आली नाही हे लई चांगलं झालं, ज्यांना येती त्यांचे पेपर आम्हाला वाचावे लागतात.

पहिली गोष्ट, १३ मधून ८ वजा करा. झोन विहिरीसकट मोजतात ते बरोबरच आहे पण डोक्यात ठेवा की खरा परिणाम दोन्हीकडं मिळून पाच मिमीचा, म्हणजे विहिरीच्या काठापासून अडीच मिमी. दुसरी गोष्ट तुमच्या मनात आली तीच. स्टॅफ आणि बॅसिलस हे ग्रॅम पॉझिटिव्ह, त्यांना बाहेरून जाड भिंत असती पण ती जाळीदार, बऱ्याच गोष्टी आत शिरतात. ई. कोलाय आणि स्युडोमोनास ग्रॅम निगेटिव्ह, त्यांना भिंतीच्या बाहेर अजून एक पडदा असतो, आणि स्युडोमोनास तर आत आलेलं बाहेर फेकून देणारे पंप बाळगून असतो. वनस्पतीचे अर्क साधारण पहिल्या दोघांवर थोडंफार चालतात आणि दुसऱ्या दोघांपुढं हात टेकतात. तुमचं स्ट्रेप्टोमायसिन बगा, २३ पासून १६ पर्यंत उतरलंय, त्याला फरक कळतोय. तुमच्या अर्काला कळत नाही. जे सगळ्यांना सारखंच मारतं ते बहुतेक वेळा औषध नसतं, सॉल्व्हंट (अर्क ज्यात काढला किंवा विरघळवला ते द्रव) असतं.

तीन प्रश्न. अर्क वाळल्यावर त्याला वास येत होता का? डीएमएसओत नीट विरघळला का? आणि २५ ग्रॅमातून ६.८ म्हणजे २७ टक्के निघाला, पुन्हा एकदा तापवून वजन केलं होतं का?

जडीबुटी_अण्णा
आमच्या आजीनं मयूरशिखा पोटातल्या जंतावर आणि हगवणीवर दिलेली मी ह्या डोळ्यानं पाहिलीय, गावातली लेकरं तिच्याकडंच यायची. तिनं कधी मेथनॉल वापरलं नाही. पाण्यात टाकून चतकोर राहीपर्यंत उकळायची. तुम्ही आधी इषारी दारू टाकता अन् मग म्हणता औषध चालत नाही, काहून चालंल?

कपारीतली_मोरपंखी
@क्यूसी दादा, पोटात गोळा आला वाचून. खरं सांगते. वास येत होता, स्पिरिटसारखा, मला वाटलं तो अर्काचाच. डीएमएसओत गाठी राहायल्या म्हणून मी आधी थोडं मेथनॉल टाकून घोळला आणि मग डीएमएसओ. किती टाकलं ते वहीत लिहिलं नाही. कंट्रोलला मात्र निव्वळ डीएमएसओच. वजन एकदाच केलं, कारण संध्याकाळी लॅब बंद करायची होती.

वाळूजचा_क्यूसी
हां, मग सापडलं. तुम्ही अर्क नाही, मेथनॉल टेस्ट केलंय, त्यात जराशी मयूरशिखा होती.

मेथनॉल ६५ अंशाच्या आसपास उकळतं म्हणून माणसाला वाटतं वॉटर बाथवर उडून जाईल, पण घट्ट चिकट अर्काच्या पोटात ते अडकून बसतं. वरून साय धरली की खालचं निघतच नाही. त्यामुळं दोन नुकसान. एक तर विहिरीत मेथनॉल गेलं. दुसरं, तुम्ही १०० मिग्रॅ म्हणून जे तोललं त्यात खरा अर्क किती ते देवालाच माहीत.

परत करताना अर्क डिशमध्ये पातळ पसरा, ४० अंशाच्या ओव्हनमध्ये ठेवा, रोज वजन करा, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत थांबा. आणि कंट्रोल असा लावा की पावडर सोडून सगळं तेच. म्हणजे २५० मिली मेथनॉल रिकामं आटवायचं, डिशमध्ये जे काही राहील ते त्याच डीएमएसओत घ्यायचं, त्याच विहिरीत टाकायचं. डीएमएसओ पण जास्त झालं तर स्वतःच जंतूला त्रास देतं, शेवटी कमीत कमी राहील असं बघा. अगारची जाडी ४ मिमी, ९० मिमीच्या प्लेटला २५ मिली बसतं. पातळ प्लेट ओतली की झोन आपोआप मोठा येतो आणि माणूस खूश होतो. जंतूचं पाणी ०.५ मॅकफरलँडला (गढूळपणाचं ठरलेलं माप) जुळवलं होतं ना? नजरेनं गढूळ दिसलं म्हणून चालत नाही.

अण्णा, तुमचा मुद्दा मला पटलाय बरं का, निस्ता टोन जरा.

रानवाटा_किनवट
मी नेचेवाला माणूस, जंतूवाला नाही, म्हणून मला वेगळंच विचारायचंय. ताई, ओळख कुणी केली?

मयूरशिखा ह्या नावाखाली निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळं विकतात. बहुतेक जण ॲक्टिनिओप्टेरिस रेडिएटा धरतात, तुमच्या वर्णनावरून तीच वाटती. पण बागेतल्या कोंबड्याच्या तुऱ्याला पण हे नाव लावतात आणि ते तर फुलझाड आहे, नेचा नाहीच. हंसराजमध्ये अजून गोंधळ, ॲडिअँटमच्या दोन-तीन जाती त्याच नावानं खपतात, आपल्याकडं पावसाळ्यात ओढ्याच्या काठाला अर्धचंद्रासारखी पानं घेऊन जी दिसती ती ॲडिअँटम फिलिपेन्स. एक फांदी बीजाणूसकट दाबून वाळवून हर्बेरियम शीट करा, नंबर टाका, पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे तिथून खात्री करून घ्या. ते शीट नसंल तर उद्या कुणी म्हणालं ही मयूरशिखा नव्हतीच, तर तुमच्याकडं उत्तर काय?

आणि हे काही हौस म्हणून सांगत नाही. चुन्याच्या जुन्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर टेरिस विट्टाटा नावाचा नेचा हमखास असतो, लांब करवतीसारखी पानं. तो जमिनीतलं आर्सेनिक ओढून पानात साठवतो, २००१ साली हे जगासमोर आलं, खराब जमिनीत वाढलेला असंल तर वाळलेल्या पानात दोन टक्क्यांपर्यंत. आता असला अर्क जंतूवर टाकला तर झोन येईलच की. जंतू काय, माणूस पण जाईल. म्हणून नेच्यात "औषधी" म्हणायच्या आधी कोणता आणि कुठून आणला हे लिहायचं.

गोळा करताना मुळाचा कंद उपटू नका एवढी विनंती. कपारीतली एक मोरपंखी तिथं बसायला किती पावसाळे लागले असतील. आणि अभयारण्यातून आणायची असंल तर वनखात्याची परवानगी आधी.

कपारीतली_मोरपंखी
सर, शीट आहे, नंबर पण आहे, तेवढं एक तरी नीट केलंय 😅 कंद उपटला नाही, वरची पानंच कात्रीनं घेतली. मार्चमध्ये परत गेले होते तर सगळी वाळून मुठीसारखी मिटलेली, मला वाटलं मेली. एक पान घरी आणून वाटीत पाण्यात टाकलं, सकाळी उघडून हिरवं.

रानवाटा_किनवट
ती मरत नसती. पाणी गेलं की मिटून बसती, पाणी आलं की उघडती. आपल्या भागात नेच्यानं टिकायचं म्हणजे दुसरा इलाजच नाही. आमच्या किनवटच्या जंगलात ओढ्याकाठी जरा तरी ओल राहते, बालाघाटच्या उघड्या खडकावर मे महिना काढायचा म्हणजे चेष्टा नाही.

हकीमजींचा_नातू
हंसराजचं वाचून राहवलं नाही. आमच्या आजोबांचा संभाजीनगरात युनानी दवाखाना होता, तिथं ह्याला परसियावशान म्हणायचे, खोकल्याच्या जोशांद्यात पडायचंच पडायचं. डब्यात काळ्या चकचकीत बारीक काड्या असायच्या, केसासारख्या, आम्ही लहानपणी त्याला चेटकिणीचे केस म्हणायचो आणि बहिणीच्या दप्तरात टाकायचो. आजोबा ते पान पाण्यात बुडवून वर काढून दाखवायचे, कोरडं ठणठणीत, थेंब घसरून जायचा. ॲडिअँटम हे नाव पण ग्रीकमधून आलंय, "न भिजणारं" अशा अर्थाचं, हे मला फार नंतर कळालं.

पण ते खोकल्याला द्यायचे, घसा मोकळा व्हायला. जंतू मारायला देतो असं कधी म्हणाले नाहीत. घसा मऊ होणं वेगळं आणि प्लेटमध्ये स्टॅफ मरणं वेगळं, हे दोन एकच का धरतात कळत नाही.

जडीबुटी_अण्णा
नातू साहेब बरोबर बोलले. माझं बी तेच म्हणणं, काढ्याला काढ्यासारखं तपासा.

वाळूजचा_क्यूसी
अण्णा, मान्य. ताई, पाण्याचा अर्क पण लावाच, लोक पितात तो तोच आहे. फक्त तो टिकत नाही, दोन दिवसात बुरशी धरतो आणि मग बुरशीचाच झोन मोजत बसाल. ताजा करा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, लगेच लावा.

टेस्टट्यूब_मावशी
मी तीस वर्षं कॉलेजात लॅब असिस्टंट होते, आता रिटायर. मुलांनो, सगळ्याला प्लस आला की समजायचं टेस्ट चुकलीय. अगं बाळा, सॅपोनिनचा फेस किती वेळ टिकला? टेस्टट्यूब भांड्याच्या साबणानं धुतली होती ना? मग फेस साबणाचा. आमच्याकडं एक बॅच दरवर्षी हेच करायची आणि साहेब दरवर्षी जर्नलवर सही करायचे. ट्यूब डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा विसळायची, हलवून ठेवून द्यायची, दहा-पंधरा मिनिटांनी सुद्धा बोटभर फेस असंल तर प्लस. शेजारी निस्त्या पाण्याची ट्यूब तशीच हलवून ठेवायची.

अल्कलॉइडचं कशावरून म्हणलीस? मेयरची टेस्ट एकटीच केली का?

कपारीतली_मोरपंखी
हो मावशी, निस्ता मेयर. पांढुरकं गढूळ झालं म्हणून प्लस. 🙈 फेस दोन मिनिटं होता.

टेस्टट्यूब_मावशी
दोन मिनिटं म्हणजे मायनस. आणि मेयरला प्रथिनं असली तरी गढूळ येतं. ड्रॅगनडॉर्फ करून बघ, नारिंगी साका बसला पाहिजे, वॅग्नरला तांबूस. तिन्ही आले तर लिही. अर्क हिरवागार असंल तर शिनोडाचा (फ्लेवोनॉइडची टेस्ट) गुलाबी रंग तुला दिसणारच नाही, आधी पेट्रोलियम ईथरनं हिरवेपणा काढून टाक. आणि पेट्रोलियम ईथरजवळ बर्नर नको ग बाई, हीटिंग मँटलच घे, खिडकी उघडी ठेव. शिनोडाला मॅग्नेशियमची पट्टी घासून चमकवून टाकायची, काळी पडलेली टाकली तर काही होत नाही.

रानवाटा_किनवट
मावशींना दंडवत. भर म्हणून सांगतो, नेच्यांमध्ये अल्कलॉइड तसे क्वचितच सापडतात, फिनॉल, फ्लेवोनॉइड, टॅनिन आणि ट्रायटर्पिनॉइड हा त्यांचा खरा माल. म्हणून नेच्याच्या तक्त्यात अल्कलॉइडला ठळक प्लस दिसला की मी आधी शंका घेतो.

लातूरी_डाळ
मी फार्मसीला आहे, आमच्या ग्रुपनं असलाच प्रोजेक्ट करून जीसीएमएसला (घटक वाफ करून वेगळे करून ओळखणारं मशीन) सॅम्पल पाठवलं, पैसे भरून चाळीस नावांची यादी आली, तीच पानभर चिकटवली, झालं. ताईनं पण करून टाकावं, एक्सटर्नल खूश होतात.

वाळूजचा_क्यूसी
@लातूरी_डाळ, भावा, रागावू नको पण त्या यादीतलं अर्धं लायब्ररीशी जुळवलेलं नाव असतं, हातात धरलेला पदार्थ नसतो. आणि जीसीमध्ये जे तापवल्यावर वाफ होऊन उडतं तेच दिसतं. फ्लेवोनॉइडला साखर चिकटलेली असली की ते उडतच नाही, म्हणजे मेथनॉलच्या अर्कातला मुख्य ऐवज त्या यादीत येतच नाही. त्या पैशात फोलिन-सिओकॅल्टो रसायनानं एकूण फिनॉल काढा, तुलनेला गॅलिक ॲसिडची रेघ मारा, ७६५ नॅनोमीटरला वाचा. एक टीएलसी प्लेट (पातळ थरावर घटक वेगळे करायची) ओढा. कमी दिसंल पण स्वतःचं असंल.

उस्मानाबादी_शेळी
आता थोडं थोडं कळायलंय. म्हणजे भाजी चांगली लागली पण ती मिठामुळं का मसाल्यामुळं हे बघायला निस्तं मीठ टाकून एक भाजी करायची, असंच ना?

वाळूजचा_क्यूसी
शेळीताई का शेळीदादा जे असाल ते, माझ्या अर्ध्या पानाचं तुम्ही एका ओळीत केलं.

कपारीतली_मोरपंखी
तीन आठवड्यांनी येतेय, माफी असावी. सगळं परत केलं. लांबलचक आहे.

जुना अर्क डिशमध्ये पसरून ओव्हनला ठेवला. ६.८ चा पहिल्या दिवशी ५.१, मग ४.०, ३.५, ३.४, ३.४. म्हणजे अर्धं मेथनॉलच होतं! आता काकवी नाही राहिला, पापडासारखा तडकतोय, नखानं खरवडून काढावा लागला. वास गेला, आता वाळल्या गवतासारखा येतो. डीएमएसओत गाठी होत्या तर मेथनॉल न टाकता तासभर व्होर्टेक्सवर (नळी गरगर हलवायचं मशीन) हलवला आणि नळी कोमट पाण्यात धरली, बराचसा गेला, राहिलेला गाळून किती राहिला ते तोलून लिहिलं.

आधी मुद्दाम जुन्या चुकीचा कंट्रोल लावला, अर्धं मेथनॉल अर्धं डीएमएसओ, मयूरशिखा अजिबात नाही. चारही प्लेटांत १२. मी आणि मैत्रीण प्लेट उजेडाला धरून नुसत्या बघतच राहिलो. पट्टी तीच, विहीर तीच, झोन तोच. वाईट वाटायला पाहिजे होतं पण आम्हाला हसू आलं.

मग खरा अर्क. तीन-तीन प्लेटा. स्टॅफ १२, १३, १२. बॅसिलस ११, १२, ११. ई. कोलाय शून्य. स्युडोमोनास शून्य. रिकाम्या कंट्रोलला शून्य. पाण्याचा काढा गाळून लावला (अण्णा तुमच्यासाठी), स्टॅफला १०, बाकी काही नाही. घटकांत फिनॉल, टॅनिन, फ्लेवोनॉइड पक्के, शिनोडाला ईथरनं धुतल्यावर काय सुंदर गुलाबी आला मावशी, फोटो काढून ठेवलाय. ड्रॅगनडॉर्फला काहीच नाही, अल्कलॉइड खोडलं. सॅपोनिन खोडलं.

सरांना दाखवलं तर त्यांचा चेहरा पडला. म्हणाले आधीचं बरं होतं, चार जंतू होते.

जडीबुटी_अण्णा
१० तर १०. आलं ना. आज्जी खोटी नव्हती.

हकीमजींचा_नातू
अण्णा, आजी खोटी नव्हतीच, पण ह्या १० नं ती खरी पण ठरत नाही. जंत म्हणजे कृमी, स्टॅफ म्हणजे जिवाणू, दोघांचा संबंध काय?

जडीबुटी_अण्णा
ते बी खरंच म्हणा.

वाळूजचा_क्यूसी
ताई, उभं राहून टाळ्या. आता हा रिझल्ट ओळखीचा दिसतोय, ग्रॅम पॉझिटिव्हवर थोडा, निगेटिव्हवर नाही. टॅनिन भरपूर आहे म्हणजे बहुतेक तेच काम करत असंल, टॅनिन प्रथिनांना पकडतं, ज्याला त्याला चिकटतं, त्यामुळं त्याच्यावर लगेच औषध म्हणून नाचायचं नसतं.

आता एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी प्रमाण) काढा. झोनवरून दोन अर्कांची तुलना करता येत नाही, कारण झोन म्हणजे ताकद अधिक अगारमधून सरकायची चपळाई. तेलकट घटक अगारमधून सरकतच नाहीत, आत वाघ असला तरी बाहेर मांजर दिसतं. ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये निम्मं निम्मं करत जा, १० मिग्रॅपासून खाली. वनस्पतीच्या कच्च्या अर्काला मिलीला १०० मायक्रोग्रॅमच्या आत एमआयसी आली तर लोक मान वर करतात, १००० च्या वर गेली की पान उलटतात. एवढं माहीत असू द्या, आशा लावून बसू नका.

कपारीतली_मोरपंखी
पण अर्क गडद आहे, गढूळ झालं का नाही ते डोळ्याला दिसतच नाही विहिरीत. काय करू?

वाळूजचा_क्यूसी
रेझाझुरिन नावाचा रंग टाका शेवटी. निळं राहिलं तर जंतू मेले किंवा दबले, गुलाबी झालं तर जिवंत. पण तुमच्या अर्कातलं फिनॉल स्वतःच त्याचा रंग बदलू शकतं, म्हणून एक ओळ अर्क अधिक रेझाझुरिन, जंतूशिवाय, अशी ठेवा. आणि निळ्या राहिलेल्या विहिरींतून एक एक थेंब साध्या अगारवर टाका, दुसऱ्या दिवशी काही उगवलं का बघा. मेले की निस्ते झोपले ते तिथं कळतं.

प्लेटा टाकताना आधी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं जंतू मारायचं भांडं), १२१ अंश, १५ मिनिटं. कचऱ्यात तशाच फेकू नका.

टेस्टट्यूब_मावशी
आणि वहीत सगळं लिही. किती थेंब, किती वाजता, लाईट कधी गेली ते सुद्धा.

कपारीतली_मोरपंखी
लिहायलेय मावशी, लाईटचा तर वेगळा कॉलमच केलाय. एमआयसी झाली. स्टॅफला २.५ मिग्रॅ प्रति मिली, म्हणजे दादांच्या भाषेत पान उलटायचं. बॅसिलसला ५. झोपलेच होते, अगारवर उगवले. शीर्षकातून "ब्रॉड स्पेक्ट्रम" काढलं, "सौम्य" टाकलं, सरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि सही केली, काही बोलले नाहीत. मेथनॉलच्या कंट्रोलचा फोटो मात्र मी परिशिष्टात नाही, मुख्य भागात टाकलाय.

हंसराज सोमवारी सॉक्सलेटला चढवायचंय. कुलरची मोटर घरी परत मागायलेत, उकडायलंय म्हणे. कुणाकडं जुनी पडून असंल तर सांगा, अंबाजोगाई किंवा परळी, मी घ्यायला येते.

उस्मानाबादी_शेळी
आमच्याकडं आहे एक, आवाज करती पण पाणी फेकती. व्यनि करा.